भाचीच्या मागावर

भाची माझ्याकडे राहायला आली, त्या दिवशी तिच्या बाबानं, म्हणजे माझ्या धाकट्या भावानं, मला गॅलरीत बोलावून एकच काम सांगितलं. "ताई, पोट्टीवर नजर ठेव."

भाऊ डोंगरगडला रेल्वेत आहे. पोरगी बारावी झाली, मेडिकलची परीक्षा एकदा दिली, मार्क फारच कमी पडले. मग एक वर्ष थांबून रायपूरला कोचिंग लावायचं ठरलं. माझं घर समता कॉलनीत आणि कोचिंग तिथून पायी दहा मिनिटांवर. नवरा जाऊन सहा वर्षं झाली होती, मुलगा पुण्याला, आणि मी नुकतीच रिटायर झालेली. सगळी नोकरी मी सरकारी ऑफिसात तपासणीच्या टेबलावर काढली. लोक दाखले आणायचे, मार्कशीट आणायचे; शिक्का खरा की बनावट, सही एकाच हातची की दोन, हे मी बघायची. नजर ठेवायला भावाला माझ्याहून चांगलं माणूस मिळालं नसतं.

रोज संध्याकाळी आठला त्याचा फोन यायचा.

"काय करून राहिली?"

"अभ्यास करून राहिली."

"मोबाइलवर तर नाही?"

"नाही, पुस्तक आहे समोर."

हे मी स्वयंपाकघरात जाऊन, नळ सोडून बोलायची, म्हणजे तिला ऐकू जाऊ नये. यात काही वावगं आहे असं मला तेव्हा वाटलं नाही.

पोरगी शांत होती. मी मराठीत विचारायची, ती हिंदीत उत्तर द्यायची. इकडच्या पोरांचं तसंच असतं. जेवायची, ताट धुऊन ठेवायची, खोलीत जायची. दोन महिने ठीक गेले. तिसऱ्या महिन्यात ती उशिरा यायला लागली. कोचिंग चारला सुटायचं, ही घरी यायची सव्वासहाला.

"काहून उशीर झाला?"

"डाउट क्लास है, आत्या."

उत्तर फार पटकन आलं. ऑफिसात ज्या माणसाच्या कागदात गडबड असायची, तो असाच विचारायच्या आधी उत्तर द्यायचा. दुसऱ्या दिवशी भाजी आणायच्या निमित्तानं मी कोचिंगवरून गेले आणि गार्डला विचारलं. चारनंतर तिथं कुठलाच क्लास नव्हता.

मग मला सगळंच दिसायला लागलं. तिच्या ओढणीच्या टोकाला खडूची पांढरी भुकटी. कोचिंगमध्ये तर पांढऱ्या बोर्डावर पेनानं लिहितात, मग खडू आला कुठून? एका सकाळी ती अंघोळीला गेली तेव्हा मी तिची बॅग उघडली.  वरच्या कप्प्यात स्ट्रॉबेरीच्या आकाराचं गुलाबी खोडरबर होतं. अठरा वर्षांची पोरगी असलं खोडरबर विकत घेत नाही. म्हणजे कोणीतरी दिलं. कोणी दिलं? नळ बंद झाल्याचा आवाज आला तशी मी खोडरबर हाताला लागेल त्या कप्प्यात टाकलं, चेन लावली आणि बाहेर पळाले.

भावाला मी यातलं काही सांगितलं नाही. आधी पुरावा हवा, असं मी स्वतःला समजावलं.

त्या आठवड्यात एका दुपारी मी चारच्या आधीच कोचिंगसमोरच्या मेडिकल दुकानापाशी जाऊन उभी राहिले. तोंडाला स्कार्फ बांधला होता. आमच्याकडे उन्हात निम्म्या बाया तशाच फिरतात, त्यामुळे कोणाचं लक्ष गेलं नाही. ती एकटीच बाहेर आली आणि ई-रिक्षात बसली. मी मागच्या रिक्षात. रिक्षावाल्याला म्हटलं, "भैया, उसके पीछे चलो." त्यानं आरशातून माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच कोणाला तरी पळवून न्यायला निघाले आहे.

ती बूढ़ापारा नावाच्या जुन्या वस्तीत उतरली. तलावाकडून आत शिरणाऱ्या एका अरुंद गल्लीत वह्या-पेनांचं दुकान होतं. गल्ल्यावर पन्नाशीचा माणूस बसलेला. तिला पाहून तो ओळखीचं हसला, काउंटरची फळी वर उचलली, आणि ती दुकानातून आतल्या जिन्यानं वर गेली.

 मी दुकानात जाऊन पाकिटं मागितली.

"ऊपर क्या है, भैया?"

"घर है."

"और कौन रहता है?"

आता त्याला संशय आला. पाकिटं मोजता मोजता तो थांबला. "क्यों? आपको किससे काम है?"

तेवढ्यात शाळेच्या ड्रेसमधली चार-पाच पोरं दंगा करत आली आणि फळीखालून वाकून वर पळाली. वरून एकदम बाईचा आवाज आला, "चप्पल बाहर!" मी स्कार्फ सोडला आणि म्हटलं, "मेरी भतीजी ऊपर है."

"तो पहले बोलना था ना, दीदी," तो म्हणाला आणि फळी उचलली.

वर एक लांबट खोली होती. सतरंजीवर वीसेक पोरं, नववीतली असावीत. भिंतीला काळा फळा, त्याच्याजवळ एक जाडसर बाई उभी, दुकानवाल्याची बायको असावी. आणि सगळ्यांच्या मागे, भिंतीला टेकून, मांडीवर वही घेऊन माझी भाची. बाईनं नाव घेतलं तशी ती उठून फळ्यापाशी गेली आणि दशांश अपूर्णांकाचा भागाकार करायला लागली. टिंब चुकलं. पुढच्या रांगेतली एक पोरगी हळूच म्हणाली, "दीदी, एक घर आगे." भाचीनं हातानं पुसलं आणि हात ओढणीला पुसला.

बाईनं मला दारात पाहिलं. पोरांना गणित घालून ती बाहेर आली आणि दार ओढून घेतलं.

"आप बुआ हो?"

"हो. ती इथं काय..."

"हव, समझ गई. लेकिन अभी जाओ. आपको देख लेगी तो कल से नहीं आएगी."

"लेकिन वो तो मेडिकल की तैयारी कर रही है. ये नववी के बच्चों में?"

"नौवीं का ही नहीं आता उसको," बाई आवाज न वाढवता म्हणाली. "नीचे कॉपी-पेन लेने आई थी. तीन दिन नीचे खड़ी-खड़ी सुनती रही. चौथे दिन पूछा, बड़े बच्चे भी बैठ सकते हैं क्या."

मी जिना उतरले. सुटका वाटायला हवी होती. पोरगा नाही, भानगड नाही. पण मला राग आला. हिला दशांश येत नाही? मग दहावीत एवढे मार्क कसे? घरी आल्यावर मी भावानं व्हॉट्सॲपवर पाठवलेली तिची मार्कशीट उघडली आणि बोटांनी मोठी करून करून पाहिली. शिक्का ठीक, सही ठीक. तरी मला वाटत राहिलं, शाळेनं वाटले असतील मार्क, नाहीतर हिनं कोणाचं तरी पाहून लिहिलं असेल. आठला फोन आला. "अभ्यास करून राहिली," मी म्हटलं, आणि माझ्याच तोंडून ते वाक्य मला विचित्र ऐकू आलं.

दुसऱ्या दिवशी ती साडेसहाला आली. चपला काढल्या नाहीत. दुकानवाल्यानं सहजच सांगितलं होतं, तुम्हारी बुआ आई थी.

"आप मेरे पीछे आई थीं?"

"हो."

"बॅग भी खोली थी. वहाँ की एक बच्ची का दिया रबर दूसरी जेब में था." तिचा आवाज चढला आणि पुढचं मराठीत आलं, तिच्या आईसारखं. "आणि रोज नळ सोडून बाबाले सांगता. मले माहीत आहे. मी बहिरी आहे का?"

 वयाच्या एकसष्टाव्या वर्षी मी खोटा कागद आणलेल्या माणसासारखी उभी होते. ती खोलीत गेली. पुढचे तीन दिवस ती माझ्याशी बोलली नाही, आणि बॅगेला छोटं कुलूप लागलं.

चौथ्या दिवशी मी परत त्या जिन्यावर गेले, पण सकाळी, ती कोचिंगला असताना. बाई तांदूळ निवडत होती. मी विचारलं, मी आता काय करू? तिनं सूप खाली ठेवलं. मग म्हणाली, "आप लोग रोज पूछते हो कितना पढ़ा. कभी ये पूछा, क्या नहीं आता?"

संध्याकाळी मी भाचीच्या दारात गेले. आत नाही गेले. "तुले कुठून समजायचं बंद झालं?" मी विचारलं.

तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी लोकांच्या कागदांकडे बघायची. उलटून-पालटून. यात काही डाव तर नाही.

"बाबाले सांगणार?"

"नाही."

"खोटं."

 आठ वाजता फोन आला, तेव्हा मी तिच्या खोलीत जाऊन स्पीकर लावला आणि पलंगावर ठेवला.

"काय करून राहिली?" भावानं विचारलं.

"ती इथंच बसली आहे. तूच विचार. आजपासून मी काही सांगणार नाही."

 मग तो म्हणाला, "म्हणजे काहीतरी झालं. ताई, तू लपवून राहिली माझ्यापासून."

आता माझ्यावर संशय! पोरीच्या ओठांवर हसू येऊन गेलं, पहिल्यांदाच.

रविवारी सकाळच्या गाडीनं भाऊ हजर. चहाचा कप हातात घेऊन तो तिच्या खोलीत, टेबलावर, खिडकीबाहेर पाहत फिरला. मी म्हटलं, मी मंदिरात जाऊन येते. भाचीनं माझा हात धरून बसवलं. मग तिनं स्वतःच सांगितलं, जमिनीकडे बघत. आठवी आणि नववी कोरोनात गेल्या. क्लास मोबाइलवर. घरात मोबाइल एकच.

"मग तू करत होती ना क्लास," भाऊ म्हणाला.

"तुम्ही ड्युटीवर फोन घेऊन जायचे, बाबा. तुमच्या सुट्टीच्या दिवशी मी क्लास करायची. बाकी दिवस आई शेजारच्यांची वही मागून आणायची. मी उतरवून घ्यायची. परीक्षा झालीच नाही, पास केलं. दहावीत सगळं पाठ केलं."

भावाच्या हातातला चहा तसाच राहिला. तो काही रागावला नाही. "मले सांगायचं होतं," एवढंच म्हणाला. मग कप खाली ठेवून, "मी घरी ठेवला असता." तो संध्याकाळच्या गाडीनं परत गेला. जायच्या आधी मला न सांगता बूढ़ापाऱ्यात जाऊन त्या बाईला भेटून आला, हे मला नंतर दुकानवाल्याकडून कळलं.

मेडिकलची परीक्षा भाचीला त्या वर्षीही जमली नाही. मार्क मात्र पहिल्यापेक्षा बरे पडले, आणि कुठून पडले हे तिला ठाऊक होतं. तिनं इथंच बीएससीला नाव घातलं. अजून माझ्याकडेच राहते. मी सुधारले असं म्हणवत नाही. ती उशिरा आली की माझी नजर अजून तिच्या ओढणीवर जाते, आणि ते तिच्या लक्षात येतं.

परवा ती कॉलेजातून आली, पंख्याखाली बसली आणि मी काही विचारायच्या आत म्हणाली, "आत्या, आज फिजिक्सचं मले काहीच समजलं नाही."

घरातली साखर संपली, हे सांगावं तितक्या सहज. मी गॅस बारीक केला आणि तिच्यासमोर जाऊन बसले.