झेंडूचं वजन

माझ्या नाकावर राग असतो, असं माहेरी म्हणायचे आणि सासरीही म्हणतात. असू दे. सत्कार, हारतुरे, मानाची शाल असलं काही दिसलं की माझ्या तळपायाची आग मस्तकाला जाते. त्याला कारण आहे, आणि ते एकदाचं सांगून टाकते.

जर्मनची दुसरी लढाई संपल्यावर माझा थोरला भाऊ घरी आला. आमचं गाव कुंडलजवळचं, घरटी एक तरी गडी पलटणीत. पण दादा पलटणीत नव्हता, विमानांच्या तळावर फिटर होता. तो विमान उडवायचा नाही, उतरलेलं विमान पुन्हा उडण्याजोगं करायचा. गावाला हे कधी पटलं नाही. पारावरची माणसं विचारायची, "किती बाँब टाकलंस रं?" तो म्हणायचा, "बाँब न्हाई तात्या, नट-बोल्टाची पानं फिरवली नुसती." मग त्यांचं तोंड पडायचं.

घरचा ऊस होता, गुऱ्हाळ होतं, पण दादाचं मन तिथं लागेना. वडिलांनी त्याला तोंडावर सांगितलं, "ह्यो एक हंगाम बघतो. नोकरी लागली तर खुशाल जा. न्हाई तर गुऱ्हाळावर उभा ऱ्हा, आन पुन्हा त्या विमानाचं नाव ह्या घरात काढायचं न्हाई." माधवनगरच्या गिरणीत तो जाऊन आला. मॅट्रिक झालेला नाही म्हणून त्याला दारातूनच परत पाठवलं.

मग सांगलीच्या एका शाळेची बातमी कळली. त्यांना नव्या वर्कशॉपसाठी मास्तर हवा होता. शाळेनं मोठ्या माणसांसाठी ग्लायडरची, म्हणजे बिनइंजिनाच्या, हातात धरून सोडायच्या लहान विमानांची, स्पर्धा ठेवली होती. दादा जाऊन हेडमास्तरांना भेटला. ते म्हणाले, "मला दाखला नको, हात पाहिजे. ज्याचं ग्लायडर सगळ्यांत जास्त वेळ हवेत राहील त्याला मी मास्तर म्हणून घेतो." दादा त्या दिवशी घरी आला तो जेवायला बसलाच नाही. सरळ परसातल्या बांबूच्या बेटाकडं गेला आणि कळकाच्या काठ्या निवडायला लागला.

हा नाद त्याला तळावरच्या गोऱ्या सोल्जरांनी लावला होता. त्यांच्याकडं त्यासाठी परदेशी हलकं लाकूड असायचं. ते इथं कुठलं मिळायला? दादानं डोकं चालवलं. लग्नाची बाशिंगं ज्या पांढऱ्या भेंडाची करतात ते भेंड आणलं, आणि त्याच्या पातळ चकत्या कापून पंखाच्या फासळ्या केल्या. पंखाचा कणा कळकाचा, वर पतंगाचा कागद, त्यावर पातळ खळीचा हात. पंख एवढा लांब झाला की सोप्यातून बाहेर काढताना तिरपा करावा लागे. आई म्हणायची, "ह्या भेंडात माझ्या सुनंचं बाशिंग झालं असतं."

आताची पोरं म्हणे खाली उभं राहून रेडिओनं ग्लायडर पाहिजे तसं वळवतात. आमच्या वेळी दोरा सुटला की माणसाचा हात संपला. जमिनीवर जे नीट केलं असेल तेवढंच वर कामाला यायचं. ग्लायडरच्या पोटाला आकडा, आकड्यात दोऱ्याची कडी. एकानं ते डोक्यावर धरायचं, दुसऱ्यानं दोरा घेऊन वाऱ्याच्या तोंडाला पळायचं. पतंगासारखं वर चढलं की दोरा सैल सोडायचा, कडी आपोआप निसटते.

पळायचे मी. अठरा वर्षांची घोडी, लुगड्याचा काष्टा मारून माळावरनं पळतेय म्हणून भावकीनं तोंडं वाकडी केली. केली तर केली. माझ्याइतकं सरळ कुणी पळत नाही, असं दादा म्हणायचा, आणि मला तेवढं पुरे होतं.

त्यानं मला एक गोष्ट घोटून घोटून शिकवली. ग्लायडर पंखांखाली दोन बोटांवर तोलून धरायचं. ते सरळ राहिलं पाहिजे, नाक अगदी किंचित पुढं झुकलेलं. त्यासाठी नाकात शिशाचे छर्रे भरलेले. एकदा त्यानं ते तसं धरलं आणि मला म्हणाला, "बाय, आता शेपटावर चिंचोका ठेव." मी एकच चिंचोका ठेवला. नाक झटक्यात वर गेलं. "बघितलंस? मागं ह्येवढं जरी जड झालं तरी वर गेल्यावर नाक उचलणार, उभं ऱ्हाणार आन पडणार. पुढं लय झालं तर चालतंय एक वेळ, मागं न्हाई." चिंचोका. हे ध्यानात ठेवा.

स्पर्धेच्या दिवशी सांगलीबाहेरच्या मैदानात ही गर्दी. मिरजेचे, साताऱ्याचे, कोल्हापूरचे लोक आपापली ग्लायडरं घेऊन आलेले. कुणाकुणाची तर मुंबईहून मागवलेली, पेटीतली. बायकांसाठी एका कडेला जाजम टाकलं होतं. मला तिथं बसवलं. बाईमाणसानं मैदानात पळायचं नाही, असं तिथल्या माणसानं सांगितलं. दादा म्हणाला, "ऱ्हाऊ दे, मी पळतो." ग्लायडर धरायला त्यांनी आपलाच एक गडी दिला. तिथंच माझं डोकं सणकलं होतं, पण जाजमावरनं उठले नाही.

दादानं सकाळी एकदा ते उडवून पाहिलं होतं. बायकांच्या जाजमावरसुद्धा सगळ्या माना वर करून बघत राहिल्या. ते वर गेलं, सुटलं आणि मैदानावर सावकाश घिरट्या घालत राहिलं, खाली यायचं नावच घेईना. तिथं त्याच्या तोडीचं दुसरं काही नव्हतं. हे मी बहीण म्हणून सांगत नाही, डोळे फुटले नव्हते म्हणून सांगते.

प्रमुख पाहुणे म्हणून भागातले एक बडे जमीनदार आले होते. खंडेनवमीला आपण हत्यारं, अवजारं, गाड्या पुजतो, तशी त्यांनी आधी सगळ्या ग्लायडरांची पूजा लावली. हळदकुंकवाचं बोट सगळ्यांना. इथवर काही बिघडलं नाही. आमच्या ग्लायडरपाशी आल्यावर कुणीतरी त्यांच्या कानाला लागलं, की हा गडी लढाईवरनं आलाय. झालं. पाहुण्यांना उमाळा आला. त्यांच्या गळ्यातल्या हाराच्या टोकाला झेंडूचा गोंडा होता, टपोऱ्या फुलांचा, पाणी मारून ओला ठेवलेला. तो त्यांनी तोडला आणि स्वतःच्या हातानं दादाच्या ग्लायडरच्या शेपटाला बांधला. वर म्हणाले, "असाच वर जाऊ दे. लढलेल्या गड्याचा मान हाय ह्यो."

लोकांनी टाळ्या वाजवल्या. दादानं टाचा जुळवल्या आणि म्हणाला, "जी."

मला जाजमावरनं दिसत होतं, त्याचे डोळे शेपटाकडं लागलेत. त्याला कळलं नव्हतं असं थोडंच आहे? चिंचोक्याचं ज्याला कळतं त्याला ओल्या झेंडूचं कळणार नाही? नाकात जादा शिसं भरायचं तर नाक फोडावं लागलं असतं, आणि नाव तर पुकारून झालं होतं. गोंडा काढायचा, एवढाच उपाय. दादा तसाच उभा. हेडमास्तर उभे. ते मुंबईची पेटी आणणारे शहाणे उभे. ग्लायडर उडवणारा एकूण एक माणूस तिथं होता, सगळ्यांना दिसत होतं, आणि एकाच्या तोंडातनं ब्र निघेना. पाहुण्यांनी दिलेला मान कोण उतरवणार?

मी उठले. बायका "अगं, अगं" करत होत्या, मी मैदानात गेले आणि पाहुण्यांना तोंडावर म्हणाले, "आवं, त्यो गोंडा काढा. शेपूट जड झालंय. पडंल त्ये."

पाहुणे रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. ते हसले आणि शेजारच्या माणसाला म्हणाले, "भण हाय वाटतं ह्याची. अगं पोरी, फुलाचं कसलं आलंय वजन?"

सगळे हसले. मी दादाकडं बघितलं. म्हटलं, आता तरी हा बोलेल. तो बोलला, पण मला. घरात कधी काढला नव्हता असा आवाज काढून म्हणाला, "बाय, मागं जा."

मी मागं गेले.

दादा पळाला. ग्लायडर चढतानाच वेडंवाकडं व्हायला लागलं, डावी-उजवीकडं डोकं हापटत होतं. तो तरी काय करणार, त्यानं दोरा सैल केला. कडी सुटली. नाक उचललं, पार उभं झालं, आणि ते हवेत थांबलं. आपल्या जागी थांबलं बिचारं. मग शेपटावर मागं घसरलं, उलटलं आणि नाकावर येऊन आपटलं. कळकाचा कणा मोडल्याचा आवाज मला जाजमावर ऐकू आला. गोंडा मात्र होता तिथंच होता, एक पाकळी निघाली नव्हती.

पाहुणे "अरेरे" म्हणाले आणि चहाला गेले.

साताऱ्याचा एक जण जिंकला. त्याच्याबद्दल माझ्या मनात काही नाही, त्याचं ग्लायडर चांगलं होतं, आणि पुढं त्यानं मास्तरकीही चांगली केली म्हणतात. हेडमास्तर दादापाशी आले, पुढच्या वेळी बघू म्हणाले. पुढची वेळ कसली डोंबलाची? वडिलांनी दिलेला हंगाम संपत आला होता.

परतताना गाडीत मी त्याला फाडून खाल्लं. "जीभ झडली हुती का तुजी? तुला कळत हुतं का न्हाई?"

"कळत हुतं."

"मग?"

तो मोडलेल्या पंखावरचा कागद सोलायला लागला. मग म्हणाला, "आजवर मला कुणी मान दिला नव्हता गं. पयल्यांदा दिला. त्याला न्हाई कसं म्हणायचं?"

म्हणून तर राग जात नाही. त्या पाहुण्यांचा येतो, त्या उभ्या राहिलेल्या शहाण्यांचा येतो, आणि खरं सांगायचं तर सगळ्यांत जास्त दादाचा येतो.

तो गुऱ्हाळावर उभा राहिला आणि जन्मभर राहिला. उकळत्या रसाच्या काहिलीच्या वाफेत त्याचे हात भाजून भाजून जाड झाले. भेंडाची चकती धरता येईल असे ते राहिले नाहीत. घरात विमानाचं नाव कुणी काढलं नाही. आकाशात खरं विमान गेलं तर सगळे वर बघायचे, हा चुलाण्यात उसाचं पाचट सारत राहायचा.

तो गेला तेव्हा मी सासरहून आले. तेराव्याला त्याच्या मुलानं फोटो मोठा करून आणला, भिंतीला लावला आणि त्याला झेंडूचा हार घातला. खाली चांगला टपोरा गोंडा. दोरीवरच्या फोटोला तो भार पेलेना, फोटो एका अंगाला कलला होता. मी स्टुलावर चढले आणि हार काढला. पाहुणेरावळे बघत राहिले.

"आत्या, आवं असं काय करताय? फुलाचं काय वजन हुतंय?" मुलगा म्हणाला.

त्याला काही ठाऊक नव्हतं, त्याचा काय दोष? पण मी त्याला असं झाडलं की तो दोन पावलं मागं सरला. मग फोटो सरळ केला. वरची दोरी जराशी ढिली केली, म्हणजे तो किंचित पुढं झुकेल. आणि सगळ्यांना बजावलं, ह्या माणसाच्या अंगावर परत कुणी काही बांधायचं नाही.