नीलचं इंडिपेंडंट स्टडी

युनिव्हर्सिटीच्या अ‍ॅडव्हायझिंग ऑफिसात बसणाऱ्या माणसाला किस्से शोधावे लागत नाहीत, ते अपॉइंटमेंट घेऊन येतात! कुठला विषय कधी घ्यायचा, इंटर्नशिप कुठल्या उन्हाळ्यात, ग्रॅज्युएशन कधी, हे मुलांबरोबर बसून आखणं हे माझं काम. टेबलावर एका बाजूला चॉकलेटांचा डबा, दुसऱ्या बाजूला टिश्यूंचा. चॉकलेटं सप्टेंबरात कॉलेज सुरू होताना संपतात, टिश्यू डिसेंबरात परीक्षांच्या वेळी.

बरं, हे किस्से नावानिशी कुणाला सांगायची सोय नाही. म्हणून साठत जातात. इथली नावंही बदललेली आहेत. बाकीचंही बदलता आलं असतं तर फार बरं झालं असतं.

*

आधी त्यामागचा इथला कायदा सांगते. मूल कॉलेजात आलं, की त्याचे मार्क आई-वडिलांनासुद्धा परस्पर सांगता येत नाहीत. आणि मुलानं 'माझं काहीच कुणाला सांगू नका' असं लिहून दिलं, तर तो आमच्याकडे शिकतो की नाही हेही सांगायचं नाही. कुणी विचारलंच तर एक ठरलेलं वाक्य म्हणायचं, "या नावाच्या विद्यार्थ्याबद्दल आमच्याकडे काहीही माहिती नाही."

माझ्या शेजारच्या टेबलावर लिंडा बसते. हे वाक्य ती झोपेतही म्हणत असेल. एकदा जवळच्याच बेलव्ह्यू गावचे एक गृहस्थ तिच्यावर भडकले. "फी मी भरायची आणि मार्क मला दिसणार नाहीत? निदान मुलगा जिवंत आहे एवढं तरी सांगाल की नाही?"

लिंडा म्हणाली, "सर, ते त्यालाच फोन करून विचारा ना!"

"तो फोन उचलत असता, तर मी इथे कशाला आलो असतो?"

लंचला आम्ही दोघी पोट धरून हसलो. तोवर नील आमच्याकडे यायचा होता.

*

नील हा सुधीरकाका आणि अनघाकाकूंचा एकुलता एक. काका रेडमंडला एका सॉफ्टवेअर कंपनीत मॅनेजर आणि आमच्या मराठी मंडळात सगळ्या कार्यक्रमांचं प्लॅनिंग त्यांच्याकडे. नव्या मुलांच्या ओरिएंटेशनला ते नीलच्या चार वर्षांचा रंगीत चार्टच घेऊन आले! पहिल्या उन्हाळ्यात छोटी इंटर्नशिप, दुसऱ्यात मोठी, तिसऱ्यात त्याहून मोठी. चौथ्या जूनमध्ये ग्रॅज्युएशन, आणि त्याच्या अलीकडे 'आईचं तिकीट काढणे'. आई म्हणजे नीलची नागपूरची आजी.

लिंडानं चार्ट वरपासून खालपर्यंत पाहिला. "यात सुट्टी कुठे आहे?"

"आहे ना! बफर म्हणून धरलीय!"

नील चॉकलेटाच्या कागदाच्या घड्या घालत बसला होता. मी विचारलं, "तुला काय वाटतं रे?"

"इट्स ऑल गुड, ताई."

*

आमच्याकडे कॉम्प्युटर सायन्स हा मेजर, म्हणजे मुख्य विषय, म्हणून घ्यायचा तर वेगळा अर्ज करावा लागतो. चांगली चांगली मुलं गळतात. नील दोनदा गळला. तिसऱ्या वर्षी तो वर्गात यायचा बंद झाला, मग एक दिवस येऊन 'माझं काही कुणाला सांगू नका' असं लिहून देऊन गेला आणि पुढच्या आठवड्यात त्यानं नावच काढून घेतलं.

मी म्हटलं, "घरी सांग रे बाबा."

"दिवाळीनंतर सांगतो."

ती दिवाळी गेली. पुढच्या दिवाळीच्या फराळाला काकांनी मला बाजूला घेतलं. "मृणाल, नीलला यंदा क्लास नाही, परीक्षा नाही, टाइमटेबल नाही. इंडिपेंडंट स्टडी! डायरेक्ट प्रोफेसरच्या हाताखाली, एकट्यानं अभ्यास! सगळ्यांना कुठे मिळतं गं?"

मी हातातली चकली ताटलीत परत ठेवली. पोरानं विद्यापीठातली सगळ्यात सोयीची गोष्ट शोधून काढली होती.

"तुला भेटतो ना तो?"

मी वाक्य म्हटलं. "काका, या नावाच्या विद्यार्थ्याबद्दल आमच्याकडे काहीही माहिती नाही."

काका खदखदून हसले. "काय ऑफिशियल झालीयेस गं! अहो, ऐकलं का सगळ्यांनी?"

*

फेब्रुवारीत एका दुपारी बदाबदा पाऊस लागला, म्हणून लिंडानं ऑफिसातच थाई जेवण मागवलं. दार उघडलं तर पिशव्या घेऊन नील उभा, नखशिखांत भिजलेला.

"अरे! हे काय?"

"इंटर्नशिप, ताई," म्हणाला, आणि चक्क हसला.

मी त्याला तोंड पुसायला टिश्यूंचा डबाच दिला. बस म्हटलं तर बसेना, गाडीत अजून ऑर्डरी होत्या. दाराशी मी पुन्हा म्हटलं, "घरी सांग रे. ते काही तुला मारणार नाहीत."

"आय नो. दे'ल जस्ट मेक अ न्यू चार्ट."

आणि तो पुन्हा पावसात पळाला.

*

एप्रिलमध्ये अनघाकाकूंचा फोन आला, ऑफिसच्या नंबरवर. "मृणाल, नील फोन उचलत नाही गं. आम्ही त्याच्या रूमवर गेलो, तर त्यानं रूम केव्हाच सोडलीय. तुला काही माहितीये का?"

ते वाक्य म्हणायला मी तोंड उघडलं आणि मला माझीच शिसारी आली. मी फोन तसाच डीनच्या ऑफिसला जोडून दिला. तिथून पोलीस, शोधाशोध, सगळं झालं. घरच्यांना सगळं कळलं. पोलिसांना नील सापडलाही. त्यांनी काकांना फोन करून सांगितलं, "तुमचा मुलगा जिवंत आहे. सज्ञान आहे. पत्ता सांगू नका म्हणालाय. यापलीकडे आम्हाला काही सांगता येणार नाही."

हा किस्सा लंचला कुणी सांगितला नाही.

*

जूनमध्ये ग्रॅज्युएशनच्या दिवशी पाहुण्यांना जागा दाखवायला मी स्टेडियमच्या गेटवर उभी होते. आमच्याकडे पाहुण्यांना तिकीट लागत नाही, कुणीही येतं. समोरून काका आले. मागे काकू, आणि व्हीलचेअरवर नऊवारीतल्या आजी, मांडीवर हार. आजींचं तिकीट चार्टप्रमाणे केव्हाच काढलेलं होतं.

मी काही बोलणार, तेवढ्यात काका जवळ येऊन हळूच म्हणाले, "आज ते वाक्य नको गं. आईला फारसं दिसत नाही, पण ऐकू सगळं येतं."

मी त्यांना अगदी वरच्या रांगेत जागा दिली. काका आजींना समजावत होते, "समारंभ झाला की तो थेट एअरपोर्टवर जाणारे. टेक्ससला उद्याच जॉईन व्हायचंय. हार आपण कुरिअर करू."

नावं पुकारली जात होती. स्पीकरवरची इंग्रजी उच्चारातली नावं आजींना कळत नव्हती. बऱ्याच वेळानं एक उंच मुलगा स्टेजवर चढला. काका उठून उभे राहिले आणि जोरजोरात टाळ्या वाजवायला लागले. "आई, तो बघ! तो बघ आपला नील!"

आजींनी डोळे बारीक केले, कानशिलावर बोटं मोडली.

"बारीक झालाय गं," त्या म्हणाल्या.

"हो ना," काकू म्हणाल्या. "अभ्यास फार असतो."