सुती पट्टी

आमच्या वर्गात फळा पुसायचं फडकं म्हणजे एका जुन्या साडीची निळी पट्टी आहे. आज खडूची धूळ झटकताना तिच्यावरच्या चुण्यांकडे लक्ष गेलं. इतक्यांदा धुऊनही त्या गेलेल्या नाहीत.

ही पट्टी कल्याणीची. कल्याणी बोलत नाही, आणि गोंगाट झाला की दाराकडे धावते. तिला शाळेत घातलं तेव्हा तिच्या आईनेच ही पट्टी डब्याबरोबर दिली. "बाई, डावा हात बाकाला बांधत जा. उजव्याने ती चित्रं काढते. सुती आहे, काचणार नाही." दर शनिवारी पट्टी घरी धुवायला जायची आणि सोमवारी घडी होऊन परत यायची. माझी गाठ सैल असूनही सुटत नसे, याचं मला कौतुकच होतं. मायेने बांधलं की ते बांधणं राहत नाही, असं आपण किती सहज धरून चालतो! काचतंय का, एवढंच विचारतो.

पुढे शाळेने ठरवलं, कुणाला बांधायचं नाही, कोंडायचं नाही. मला ते पटलं नव्हतं. तोडगा मात्र साधाच निघाला: गोंगाट वाढला की मी तिच्याबरोबर अंगणात एक फेरी मारून येते.

पण न बांधण्याच्या पहिल्या दिवशी कल्याणी येऊन बाकावर बसली आणि वाट बघत राहिली. मी काहीच करेना, तेव्हा मुलं नखं दाखवायला हात पुढे करतात ना, तसा तिने आपला डावा हात माझ्यापुढे धरला.