आगीला पाणी

एका मंगळवारी माझा भाऊ जळून गेला. घरात स्टोव्ह उलटला, रॉकेल पेटलं, त्याने त्यावर बादलीभर पाणी ओतलं आणि आग त्याच्याच अंगावर आली.

जळगावात स्टँडमागे तो रोज व्हिडिओ गेम खेळायला जायचा. तिथला दुकानदार पडद्यावर राक्षसांच्या झुंजी लावून द्यायचा आणि खेळणाऱ्याच्या खांद्यावर बोट आपटत कोण कोणाला भारी ते शिकवायचा, "आगले पाणी मारस, पाणीले वीज मारस. बठ्ठं ध्यानमा ठेव, भाऊ."

दहाव्यानंतर मी त्या दुकानदाराला जाब विचारला. फडक्याने गेमचा पडदा पुसत तो म्हणाला, "सर, गेममा रॉकेल नही शे."

रॉकेलच्या आगीवर वाळू टाकायची, हे मी तेव्हाही शाळेत शिकवत होतो. घरी कधी सांगितलं नाही. अजूनही दरवर्षी तो धडा मीच शिकवतो.