अर्धा राहिलेला हार

देवीपुढे मी तक्रारीच जास्त केल्या. त्यामुळे तिने माझ्यासाठी धावून यावं, असा माझा काही हक्क नव्हता. मानोऱ्याच्या रस्त्याला आमचं झेंडूचं शेत आहे. नवरात्रात अष्टमीला स्वतः ओवलेला हार स्वतःच पोहरादेवीला न्यायचा, हा माझा नेम. ओवायला बसलं की हार पुरा होईपर्यंत उठायचं नाही, ही अटही माझीच. देवीने कधी मागितली नव्हती.

त्या सकाळी सुई खाली ठेवून मी फुलांची टोपली घ्यायला वळले, तेवढ्यात आमच्या कुत्र्याच्या दोन महिन्यांच्या पिल्लाने, भुऱ्याने, दोऱ्यासकट सुई गिळली. हारापासून तुटलेला वीतभर दोरा तोंडाबाहेर लोंबत होता आणि लाळ थांबत नव्हती. आमच्याकडे माणसाचं दुखो की वासराचं, अंगारा पाण्यात कालवून पाजतात. मीही वाटीत कालवला. पण आधी ओढून बघू म्हणून दोरा बोटाला गुंडाळला.

पायी देवीला निघालेली एक म्हातारी पाणी मागायला फाटकाशी आली होती. तिने आत येऊन माझं मनगट धरलं.

"वढू नोको माय. माया बकरीनं अशीच सुई गिळली होती. म्या दोरा वढला अन् बकरी गेली."

मग वाटीकडे बघून म्हणाली, "अंगारा त्याच्या कपाळाले लाव. पोटात काई नोको घालू. डाक्टरपाशी ने."

मी दोरा सोडला. आयुष्यभर हट्टाने ओढतच आलेली बाई मी, सोडताना रडू फुटलं. अर्धा हार तिच्या ओंजळीत दिला. देवीला घाल, एवढंच म्हणाले. यांनी मोटारसायकल काढली.

डॉक्टरांनी भुऱ्याला गुंगीचं इंजेक्शन देऊन घशात रुतलेली सुई चिमट्याने काढली. दोरा ओढला असता तर घसाच फाटला असता, असं ते म्हणाले. पाणीसुद्धा पाजलं नाही, हे बरं केलं म्हणाले.

ती म्हातारी पुन्हा दिसली नाही. अर्धा हार देवीला पोचला का, हे मी कुणाला विचारलं नाही. माझा नेम मोडला, तरी त्या दिवशी मला देवीची भीती वाटली नाही, पहिल्यांदाच. आता भुऱ्या चांगला थोराड झालाय, ओवताना शेजारीच पसरतो. हार झाला की मी आधी सुई डबीत ठेवते, मग हात जोडते.