पडद्यावरचा बाप

काकांची उभी हयात विंगेत गेली. नाटक कंपनीत ते प्रॉम्प्टर होते. नट अडला की आडून त्याला पुढचं वाक्य पुरवायचं. कंपनी बंद पडली तेव्हा केस पांढरे झाले होते आणि दुसरं काही येत नव्हतं. मग कुणीतरी सांगितलं, वैद्यकीय कॉलेजात खोटे पेशंट लागतात. शिकाऊ डॉक्टरांनी खऱ्या आजाऱ्यापुढे बसण्याआधी एखाद्या धडधाकट माणसावर हात बसवून घ्यावा, म्हणून.

सुरुवातीला पोटदुखी, कंबरदुखी, मग औषध न घेणारा हेकट म्हातारा. काकांना ते जमून गेलं. बायको म्हणायची, जन्मात घरात एवढे बोलला नाहीत, आता दुखणी सांगताना तोंडाला खळ नाही.

पुढे विभागाच्या डॉक्टरबाईंनी अवघड काम दिलं. अपघातात मुलगी दगावली, हे बापाला कसं सांगायचं याचा सराव. लहानशी खोली, दोन खुर्च्या, काचेमागे शिक्षक. विद्यार्थी यायचा, घसा खाकरायचा आणि काका विचारायचे, "कशी आहे माझी मुलगी?" मग उत्तर ऐकायचं, कोसळायचं. घंटा वाजली की तोंडावर पाणी मारून पुन्हा खुर्चीत. दारात पुढचा विद्यार्थी उभा आणि मुलगी पुन्हा जिवंत.

काकांना खोटं रडू येत नसे. एकुलत्या एका मुलीचा चेहरा डोळ्यांपुढे आणला, की येई. हुंदक्यात तिचं लाडाचं नावही तोंडून जायचं, चिमणी. हे त्यांनी कुणाजवळ बोलून दाखवलं नव्हतं. काम संपवून पाय ओढत घरी निघाले, की वाटेत मुलीला फोन करायचे. जेवलीस का, बरी आहेस ना, एवढंच. ती एका गोदामात मालाच्या चढउतारावर देखरेख करायची. रोज कामाच्या ऐन गर्दीत बाबांना काय सुचतं, म्हणून ती वैतागायची. तिचा आवाज ऐकला की काका फोन ठेवायचे.

काही वर्षांनी कॉलेजात पडद्यावरचे पेशंट आले. कॉम्प्युटरपुढे बसून विद्यार्थ्याने प्रश्न विचारायचा, पडद्यावरच्या माणसाने उत्तर द्यायचं. त्यासाठी काकांना हिरव्या कापडापुढे बसवलं. तेच वाक्य आधी शांतपणे, मग चिडून, मग रडत. मान आखडली, घसा बसला, पण सगळं चित्रित झालं. पडद्यावरचे काका न थकता, न पाणी मागता हवं तेव्हा रडू लागले. "सुटलो एकदाचा," ते बायकोला म्हणाले आणि दुपारभर झोपले. क्वचित पोटदुखीसाठी बोलावणं यायचं, तेवढं जात.

एका सकाळी गोदामात खोका निसटून मुलीचा हात चांगलाच कापला. तिला त्याच कॉलेजच्या दवाखान्यात नेल्याचं कळताच काका धापा टाकत पोचले. एक तरुण डॉक्टर टाके घालत होती. काका दारातूनच म्हणाले, "चिमणे, काय करून घेतलंस हे?"

डॉक्टरचा हात थांबला. तिने आधी काकांकडे पाहिलं, मग मुलीकडे. काकांना तिने ओळखलं होतं. चाचरत ती म्हणाली, की पडद्यावरच्या काकांपुढे तिने खूप सराव केला आहे. कसला, असं मुलीने विचारलं. डॉक्टरला खोटं बोलवेना; तिने सांगितलं, हुंदक्यातलं 'चिमणी' हे नावही. मग तिने उरलेले टाके घातले.

घरी आल्यावर आईने चहा ठेवला. पट्टी बांधलेला हात मांडीवर घेऊन मुलगी काकांसमोर बसली.

"म्हणजे रोज मला मारायचात आणि मग फोन करायचात?"

काकांनी चहाचा कप तिच्या चांगल्या हाताशी सरकवला.

"रागावले नाही मी," ती म्हणाली. "पण बाबा, तुम्ही गेल्यावरही तो पडदा चालूच राहील. त्यात तुम्ही रडत असाल आणि मी मेलेलीच असेन."

दुसऱ्या दिवशी काका डॉक्टरबाईंसमोर जाऊन बसले. "बाई, पोट दुखवतो, छाती दुखवतो, म्हणाल तर वेड्याचं सोंग आणतो. पण तो बाप आता माझ्याच्यानं होत नाही. खुर्चीतही नाही आणि पडद्यावरही नाही."

बाईंनी वाद घातला नाही. फक्त चालू सत्र पार पडू द्या म्हणाल्या. त्यांनी शब्द पाळला. सत्र संपल्यावर पडद्यावर दुसरा बाप बसवला, कॉम्प्युटरने काढलेल्या चित्रातला, आवाजही यंत्राने घडवलेला. विद्यार्थी त्याच्यापुढेही तितकंच चांगलं शिकताहेत, असं बाईंनी मोकळ्या मनाने सांगितलं. काकांना हायसं वाटलं, आणि कुठेतरी बारीकसं टोचलंही. एवढा जीव पिळून आपण केलं ते एक चित्र करतं म्हणजे काय, असं ते बायकोजवळ पुटपुटले. मग जीव पिळायचा कशाला, असं ती म्हणाली आणि भाजी निवडत राहिली.

परवा ते पोटदुखी घेऊन कॉलेजात गेले होते. पलंगावर आडवे झाले. नव्या वर्षाची एक विद्यार्थिनी हात चोळून गरम करत आली, पोट हलक्या हाताने दाबून कुठे दुखतं विचारू लागली. उत्तर येईना. काकांना गाढ झोप लागली होती. हाही सरावाचाच भाग आहे की काय, हे तिला कळेना. तिने काचेकडे पाहिलं, पायाशी पडलेली चादर त्यांच्या छातीपर्यंत ओढली आणि स्टूल जवळ घेऊन बसली.