तात्यांच्या सलूनातला आरसा

सलूनवाले तात्या रहस्यकथा शेवटच्या पानापासून वाचायचे. खुनी कोण ते कळल्याशिवाय वस्तरा धरलेला हात स्थिर राहत नाही, असं त्यांचं म्हणणं. पण कळलेलं पोटात राहायचं नाही. गालाला फेस लागलेल्या गिऱ्हाइकाला ते खुन्याचं नाव सांगून मोकळे व्हायचे. गळ्याशी वस्तरा असताना भांडणार कोण? गिऱ्हाइकं निमूट उठून समोरच्या सलूनात जाऊ लागली. जुन्यांपैकी उरले एकटे पोस्टमास्तर.

"तात्या, तुम्ही संपवलेली ती नवी रहस्यकथा माझी अर्धीच वाचून झालीय," बसतानाच त्यांनी दम भरला. "आज नाव काढलंत, तर मीही समोर जाईन."

तात्यांनी गाडी झोपेवरच्या नव्या पुस्तकाकडे वळवली. "एकदम प्रामाणिक पुस्तक हो! दुसऱ्याच प्रकरणात मला झोप लागली. त्याच्या आधी वाचलेलं आत्मचरित्र मात्र वाचू नका. माणूस जन्मल्यापासून स्वतःची पाठ थोपटतोय, हात कसा दुखत नाही त्याचा?"

दाढी सुखरूप उरकली. तोंड पुसता पुसता पोस्टमास्तर म्हणाले, "माझा संशय डॉक्टरवर आहे."

तात्यांनी चकार शब्द काढला नाही. पण आरशात त्यांच्या मिशीखाली हसू फुटलेलं दिसलं.

"म्हणजे डॉक्टर नाही! वाट लावलीत की हो!"

"अहो, मी बोललो का काही?"

"तुमचं थोबाड बोललं!" पोस्टमास्तर तरातरा निघून गेले आणि तात्यांचा जीव टांगणीला लागला.

पुढच्या दाढीला मात्र ते परत आले. "समोरचा नुसती दाढीच करतो हो," असं पुटपुटत त्यांनी खुर्ची मागच्या भिंतीकडे फिरवली आणि आरशाकडे पाठ करून बसले. "हं, झोपेच्या पुस्तकात पुढे काय झालं?"